आचाऱ्याचा अर्ज

"सुटकेचा अर्ज फेटाळला," तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मी सांगितलं. "न्यायाधीश म्हणाले, शत्रुदेशाच्या माणसाला अटकेविरुद्ध आपल्या घटनेचे हक्क नाहीत. युद्ध संपेपर्यंत इथेच."

तो जहाजावरचा आचारी. युद्ध पेटलं तेव्हा जहाज आपल्या बंदरात होतं, एवढाच त्याचा दोष. चौदा महिने आरोप नाही, खटला नाही. निकालाची प्रत मी रागाने चुरगळली होती. त्याने मात्र इथेच शिकलेल्या मराठीत शांतपणे विचारलं,

"वकीलबाई, ही खिडकी फोडली तर?"

"गुन्हा दाखल होईल."

"मग आरोप? खटला?"

"हो."

"शिक्षा कधी संपणार, ते सांगतात?"

"तारखेसकट."

तो काचेकडे बघत राहिला. मी उठले आणि लोखंडी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.