पकड

खांदा मागे वळत चालला होता, तरी थोरलीने मॅटवर थाप मारली नाही.

वर धाकटी होती. तिची सख्खी जाऊ. थोरलीचं मनगट दोन्ही हातांत धरून ती ते हळूहळू पाठीकडे नेत होती. दुखलं की थाप मारायची, थाप पडली की समोरच्याने सोडायचं. जिऊ-जित्सू या कुस्तीप्रकाराच्या क्लबात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. वहिनी, थाप मारा, असं धाकटी दोनदा म्हणाली. थोरलीने दात आवळले. हिच्यापुढे? मेले तरी नाही. तिने सगळं अंग हिसडलं आणि खांद्यात कट्‌कन काहीतरी वाजलं.

धाकटीने तत्क्षणी हात सोडला होता. थोरलीला ते दिसलं नाही. तिला दिसला फक्त धाकटीच्या कमरेचा निळा पट्टा, तिच्या पांढऱ्याहून एक पायरी वरचा.

राग आजचा नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा धाकटीने सुचवलं होतं, दिवसा एखादी बाई ठेवू, बाकीचं आपण दोघी वाटून करू. थोरलीचं पित्त खवळलं. घरच्या माणसाच्या हाताची सर परक्या हाताला येते का, असं तिने चार नातेवाइकांदेखत सुनावलं आणि सासूबाईंचं सगळं एकटीने अंगावर घेतलं. तेव्हापासून ती शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून दिवसभर दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढायची, घरी येऊन सासूबाईंचं करायची आणि करता करता धाकटीच्या नावाने बोटं मोडायची. धाकटी भेटायला आली की तिला दारातूनच वाटेला लावायची. त्या आत्ताच झोपल्यात, म्हणायची.

क्लबात तिला आणलं दवाखान्यातल्या मैत्रिणीने. अंग मोकळं होईल, डोकं शांत होईल, म्हणाली. पहिल्याच संध्याकाळी मॅटवर धाकटी दिसली आणि डोकं उलट भडकलं. पण परत फिरावं तर हिला वाटायचं, घाबरली. मैत्रीण आठवड्यातच गळाली, थोरली टिकली. क्लबात बायका या दोघीच. सरांना घरातलं काही ठाऊक नव्हतं, ते दोघींचीच जोडी लावत.

थोरली शिकली मात्र भराभर. खाली दबली तरी कंबर सरकवून वाट काढू लागली, अंगाने दुप्पट माणसाला उलथवू लागली. तरी तिच्या मागून आलेल्यांच्या पांढऱ्या पट्ट्यावर प्रगतीची पहिली पट्टी चढली आणि तिचा पट्टा कोराच राहिला. आज सराव सुरू व्हायच्या आधी तिने सरांना जाब विचारला. सर काही चिडले नाहीत. डाव तुम्हाला येतात, म्हणाले. पण माणूस हाती लागला की तुम्ही त्याच्याशी भांडता. लोकांच्या दंडावर वळ उठतात. तुमच्यासमोर यायचं म्हटलं की जो तो तोंड चुकवतो.

थोरलीला वाटलं, हे सगळं धाकटीनेच त्यांच्या कानात भरलंय. त्याच तिरमिरीत ती मॅटवर उतरली होती.

खांद्याचा एक्स-रे दवाखान्यातल्या तिच्याच खोलीत, तिच्याच सहकाऱ्याने काढला. हाड शाबूत होतं, स्नायू दुखावला होता. हात गळ्यात बांधून घेऊन ती बाहेर आली, तर धाकटी गाडी काढून उभी. धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्याच शाळेची गाडी. दुसरं काही मिळेना म्हणून थोरली आत बसली, आणि बसल्याबसल्या सुरू झाली. मुद्दाम केलंस. आयुष्यभर नामानिराळी राहिलीस. एका म्हातारीचं करायला नको म्हणून बाई ठेवायला निघाली होतीस. साठवलेलं सगळं तिने बाहेर काढलं. नवशिक्यांचे धक्के दिवसभर सोसणारी धाकटी रस्त्यावरची नजर न हलवता ऐकत राहिली. सिग्नलला मात्र तिने गाडी थांबवली आणि वळून पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, माझाही तुमच्यावर राग आहे. सगळ्यांत मला वाईट ठरवलंत तुम्ही. पण ते नंतर. आज आईंना कुशीवर कोण वळवणार, ते आधी सांगा."

थोरलीने गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. नवरा कामासाठी परगावी होता. सासूबाईंजवळ बसलेली शेजारीण स्वतःच काठी टेकत चालायची.

घरी आल्यावर शेजारीण निघून गेली. धाकटीने हात धुतले आणि ती आतल्या खोलीत शिरली. थोरली दारात उभी राहिली. ही काय चुकते ते तिला बघायचं होतं.

पावलांची चाहूल लागताच सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि चादर मुठीत धरली. रोज असंच करायच्या. दुखण्याने होत असेल, असं थोरली समजत आली होती. धाकटीने एक हात त्यांच्या खांद्याखाली सरकवला, दुसरा कमरेखाली. जरा थांबली. त्यांचा श्वास सुटू दिला. मग हाताने न ओढता स्वतःचं सगळं अंग कलतं करून तिने त्यांना भिंतीकडे वळवलं आणि पाठीशी उशी लावली.

"जपून," असं म्हणायला थोरलीने तोंड उघडलं होतं. पण सासूबाईंची मूठ सैल झाली. चादर सुटली. डोळे न उघडताच, भिंतीकडे तोंड करून त्या पुटपुटल्या,

"थोरले, आज रागात नाहीस वाटतं."