सातदा पाहिलेलं चित्रण

सरबताच्या बाटलीत मेलेली पाल निघाली, तेव्हा सुपरवायझरसाहेबांनी झाकणं तपासणाऱ्या ताईंना बोलावून कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. कारखान्यातल्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या. एकीत पांढरी पडलेली पाल तरंगत होती आणि ताई नेमक्या तिच्याकडेच बघत होत्या. झाकण घट्ट आहे ना पाहून त्यांनी ती बाटली पुढे जाऊ दिली. ताईंना पालीपेक्षा जास्त किळस स्वतःच्या डोळ्यांची आली.

"सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून झाकणंच बघतेय हो मी," त्या पुटपुटल्या.

"कारणं नकोत! सातदा पाहिलंय मी हे. सातही वेळा तुमचे डोळे पालीवरच. शी! उद्यापासून येऊ नका."

ताई पडद्याकडे बघतच राहिल्या. "साहेब, आठव्यांदा बघा. या वेळी माझे डोळे सोडून."

चित्रण पुन्हा सुरू झालं. पट्ट्याच्या टोकाला, वही काखेत धरून, साहेब स्वतःच उभे होते. त्यांनी तीच बाटली उचलली, उजेडात धरून तिच्यावरची तारीख निरखून वाचली आणि खोक्यात ठेवली.

साहेब नुसते उजवा हात पँटला पुसत राहिले.