झाकणाच्या आतली खूण

घड्याळाचं झाकण निघालं आणि विनीतचा हात थबकला. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलं होतं : 'भि. १२-३-१६'.

भि म्हणजे भिकाजी, त्याचे वडील. रामआळीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथून गेलेल्या प्रत्येक घड्याळात ही खूण आणि तारीख असायची. पण भिकाजी २००४ साली वारले. अग्नी विनीतनेच दिला होता.

त्याने भिंग डोळ्याला लावून पुन्हा पाहिलं. सोळाच.

बोटीवरची नोकरी सोडून घरी आल्यापासून त्याला हा नाद लागला होता. जुनी, स्वस्तातली, चावीची घड्याळं मिळतील तिथून आणायची आणि चालू करायची. "बापाचा हात उतरलाय," असं शेजारीपाजारी म्हणायचे, तेव्हा तो नको नको म्हणत खूश व्हायचा.

खणातून त्याने वडिलांच्या खुणेची आणखी तीन घड्याळं काढली. भ ची तीच गाठ, तीच तिरकी वेलांटी. कुणी नक्कल केली म्हणावं, तर मेलेल्या माणसाची नक्कल करून कुणाला काय मिळणार?

सोळाचं घड्याळ जयगडच्या गोदूबाईकडून आणलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो जयगडला पोचला. गोदूबाई दारात सुकी मासळी निवडत होती.

"गोदूमावशी, हे घड्याळ मागे कुणी दुरुस्त केलं होतं?"

"तुमच्याच घरी दिलं व्हतं की."

"पण बाबा तेव्हा नव्हते."

"व्हते असं मी कुटं म्हनतंय?"

"मग कुणी केलं?"

गोदूबाईने टोपलीवर फडकं टाकलं. "माज्याकडनं वदवू नको, बाबा. आवशीला इचार."

परतीच्या वाटेवर विनीतचं डोकं चालेना. बाबा गेले त्या दिवसाची एकेक गोष्ट तो आठवत राहिला. चेहरा पाहिला होता ना आपण? पाहिला होता. मग आईला कुणी दुसरा कारागीर ठाऊक होता? आणि तो आपल्या घरी यायचा, आपण बोटीवर असताना? हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी तो विचार जाईना.

घरी त्याची आई, येसूबाई, मागच्या पडवीत कोकमं वाळत घालत होती.

"आई, बाबांची खूण दुसरं कोण काढायचं?"

तिने हात पुसले, घड्याळ घेतलं आणि कानाशी धरलं.

"हे गोदूचं. बंद कधी पडलं?"

"ते राहू दे. कालपासून झटतोय, चालत नाही. मी खुणेचं विचारतोय. आपल्या घरी कोण येत होतं?"

"कोणी नाही."

"आई, बाबा गेल्यानंतर बारा वर्षांनी—"

ती घड्याळ घेऊन आत गेली. विनीत मागोमाग गेला. ती त्याच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी, त्याच्याच खुर्चीवर बसली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने भिंग डोळ्यात बसवलं, जरा मान तिरकी केली आणि हात पुढे केला.

"दुकान त्यांचं, म्हणून खूण त्यांच्या नावाची," ती म्हणाली. "चिमटा दे. तुझ्या बाबांना घड्याळाचं झाकणसुद्धा उघडता यायचं नाही."