खोटं ठरलेलं गणित

देवरावांनी टाळ खाली ठेवले, तेव्हा महाराजांचं बोलणं अजून संपायचं होतं.

"मंडळी, हे आपल्या देवरावची पोरगी, आचल," खुशालमहाराज हात उंचावून सांगत होते. "अमरावतीले शिकते. काय शिकते? तं साथीच्या रोगाचं गनित! थे गनित म्हनते, पोळ्यापावतर या गावात दोनशे लोक डेंग्यूनं खाटेवर पडतीन. काहून? तं म्हने गाव आळशी हाये आन् कूलरातलं पानी फेकाले यायच्या हाताले लकवा मारला!" सगळं एका दमात.

मारुतीच्या देवळात हशा उसळला. मग हशाची गुरगुर झाली.

"आमाले आळशी म्हनते?" मागून सहदेव ओरडला. "दाखवू तिले!"

"दाखवा ना मंग! दर शनवारी कीर्तनाले येन्याच्या आंधी भांडं न् भांडं कोरडं करा. पाहू, बाईच्या गनितात मच्छर कुठून येते ते!"

आचल पहिल्याच रांगेत बसली होती. मान खाली, ओढणी तोंडावर गच्च धरलेली, खांदे हलत होते. देवरावांच्या काळजात चर्र झालं.

कित्येक वर्षं ते महाराजांच्या मागे उभे राहत आले होते. टाळही महाराजांनीच दिलेले. महाराजांनी अभंग धरला की संत्र्याच्या बागेतला दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जाई. वाटे, देव असलाच तर याच आवाजात बसलेला असणार. त्या आवाजाचा आज त्यांना पहिल्यांदा राग आला.

कारण पोरगी 'आळशी' म्हणालीच नव्हती. ग्रामपंचायतीत तिनं पडद्यावर रेघा दाखवल्या होत्या, तेव्हा देवराव समोरच होते. एका आजाऱ्यापासून डास दोघांना पाडतो, दोघांपासून चौघं, अशी रेघ वर चढते. पण घरोघरचं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा फेकलं, तर एकापासून एकही पडत नाही आणि साथ आपोआप विझते. एवढंच तिचं म्हणणं. ऐकायला मोजकी माणसं आली, त्यातली निम्मी पेंगली. उन्हाळ्यात खिडक्यांत बसवलेले कूलर श्रावणातही पाण्यासकट तिथेच राहिले.

शेजारची जयवंता मागच्या पावसाळ्यात याच तापानं गेली. आचलच्याच वयाची, एका ताटात जेवलेली. तेव्हापासून पोरगी या रेघांच्या मागे लागली होती.

घरी आल्यावर आचलनंच विचारलं, "बाबा, टाळ काहून ठेवले?"

"थो मानूस भर देवळात तुही हजामत करून राहिला, आन् म्या ताल धरू?"

"करू द्या ना. तुमी टाळ धरा. तुमच्याबिगर कीर्तन रंगत नाई, लोक उठून जातेत."

केवढं मन पोरीचं! देवरावांना भरून आलं. विषय बदलायचा म्हणून ते म्हणाले, "तुह्या रेघा जमल्या का?"

"मच्छराचं गनित जमलं, बाबा. मानसाचं जमत नव्हतं. भेव घातलं तं दोन दिवस पुरते. जास्त दिवस काय पुरते, थे पाहून राहिली." आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटी काढून ती मोर्शीला गेली. गावात नेट लागत नाही, असं तिचं नेहमीचं म्हणणं.

पुढच्या शनिवारांना देवराव देवळात गेले नाहीत. ओसरीवर बसून भोंग्यातून ऐकत. अभंग आला की बोटं आपोआप मांडीवर ताल धरत. लेकीचं नाव आलं की मुठी वळत. आचल मात्र दर शनिवारी पुढच्या रांगेत.

गाव इरेला पेटलं होतं. सुभद्राबाई रिकामा कूलर दारासमोर बडवून दाखवत. "पाह्य वं आचल, कोरडा ठन्न! कर आता गनित!" सहदेवनं तर बागेतली जुनी टायरं, फुटके ड्रम, सगळं ट्रॅक्टरात घालून भंगारात नेलं.

पोळा आला. आजूबाजूच्या गावांतून तापाचे रोगी मोर्शीच्या दवाखान्यात जात होते. या गावातली जेमतेम चार-पाच माणसं पडली, तीही उठून बसली.

बैल मिरवत देवरावांच्या दारी आले, तेव्हा सहदेवच्या बैलाच्या पाठीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गणित फेल!'

"कुठी गेले गा देवराव, पोरीचे दोनशे?" डफडं वाजलं, सारं गाव हसलं.

आचलनं बैलाला ओवाळलं, पुरणपोळी भरवली आणि जयवंताच्या बंद खिडकीकडे पाहत डोळे पुसले. देवरावांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी टाळ फडक्यात बांधून ते मोर्शीला महाराजांच्या घरी निघाले. त्यांची बायको दुर्गाबाई दारापर्यंत आल्या. "टाळ वापस देता? मंग देवाच्या दारी काय घेऊन उभे राह्यसान?"

"लेकीले घेऊन," देवराव म्हणाले.

महाराजांच्या अंगणात त्यांना आचलची स्कूटी दिसली. पायरीवर तिच्या चपला. पोरगी स्वतःच भांडायला आली तर! ते दाराबाहेरच थबकले. बोलू दे तिला आधी, तिचा हक्क आहे.

"महाराज, तुमी चुकलेच," आचलचा आवाज कडक होता.

"चुकलो, माय."

देवरावांची छाती अभिमानानं भरून आली. फडक्यातले टाळ त्यांनी घट्ट धरले.

"पहिल्या कीर्तनाच्या आंधीच सांगतलं होतं तुमाले, 'आळशी' म्हनलं का थांबाचं. तुमी थेट कूलरवर गेले. आता बार्शीटाकळीच्या कीर्तनात अशी घाई नका करू, महाराज. लोकाले चिडाले टाइम लागते."