चिंचेचं वळण

"गिअरबॉक्सच बदलून टाक, मंदा," जगतापशेठ म्हणाले. "चिंचेच्या वळणावर आली की गाडी हटकून धक्का मारते. बाकी कुठंच नाही."

मंदाने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लॅपटॉपची वायर जोडली. ऑइल स्वच्छ, क्लच धडधाकट. हल्लीचे गिअरबॉक्स रस्ते शिकतात, आणि जे अंगावर आलं ते विसरत नाहीत. पडद्यावर पहिल्या धक्क्याची तारीख उमटली. तिने ती पुन्हा वाचली. त्याच संध्याकाळी, त्याच वळणावर तिच्या भावाला, अनंताला, कुणीतरी उडवून पळालं होतं.

"बिघाड नाही, शेठ," ती थंडपणे म्हणाली. "हा घाबरलाय. त्या वळणाला."

शेठच्या कपाळावर घाम आला. "मग पुसून टाक ना सगळं!"

मंदाने पुसलं. शिकलेला रस्ता न् रस्ता पुसला, फक्त चिंचेचं वळण ठेवलं. आता गिअरबॉक्सला दुसरं वळण ठाऊकच नव्हतं.

शेठ खुशीत निघाले. गॅरेजच्या फाटकापाशी गाडी वळली आणि अनंता पुन्हा समोर आल्यासारखी धाडकन हादरली. आत शेठ किंचाळले.

मंदाने सावकाश हात पुसले. पोलीस चौकीत जायची तिला घाई नव्हती. शेठच्या घरापर्यंत बरीच वळणं होती.