बोटांमधला पडदा

"दिसला का पडदा? डोळे असतील तर दिसेल!" नणंदेने भावजयीला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेखाली अंड्यातून काढलेल्या पिल्लाचा पाय होता. बोटांमध्ये पडदा शाबूत होता.

अंड्यात कोंबडीच्या प्रत्येक पिल्लाचा पाय आधी वल्ह्यासारखा अखंड असतो. मग बोटांमधल्या पेशी आपणहून मरतात आणि बोटं सुटी होतात. नणंदेने हे मरण औषधाने थांबवलं होतं. त्या एका प्रयोगावर ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली, आणि घरीदारी तिचा तोराही त्यावरच चालायचा. भावजयीला मात्र तोच प्रयोग वर्षभर साधत नव्हता. तिच्या पिल्लांची बोटं दर वेळी सुटी व्हायची. "तुझ्या हातालाच वळण नाही," असं नणंद चारचौघांत म्हणायची आणि संध्याकाळी भावालाही ऐकवायची. आता ही शेवटची संधी होती. जमलं नाही तर नोकरी जाणार होती. भावजयीला नणंदेचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

वर्षभर भावजय अंडी दुसरीकडून आणायची; या वेळी ती नणंदेच्या नेहमीच्या अंडीवाल्या माणसाकडून आली होती, चांगली टपोरी.

"माझी अंडी, माझं औषध, आणि बघ, पहिल्याच फटक्यात पडदा! वर्षभर माझ्या नावाला बट्टा लावलास."

"औषध न दिलेली अंडी फोडायची राहिलीत, वन्सं."

"ती कशाला? मी कधीच फोडली नाहीत. बिनऔषधाचा पाय कसा असतो, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

तिथली रीतच तशी होती. पाय तेवढा कापून घ्यायचा आणि बाकीचं पिल्लू न बघता बादलीत टाकायचं. पण भावजय हट्टाला पेटली. तिने औषध न दिलेलं एक अंडं फोडलं आणि अख्खं पिल्लू काचेखाली ठेवलं. बोटांमध्ये पडदा होता. दुसरं फोडलं. त्यातही पडदा. तिने काच हळूच डोक्याकडे सरकवली. चोच चपटी होती.

नणंदेची कधी फजिती झाली तर आपण पोट धरून हसू, असं तिला वाटायचं. तिला हसू आलं नाही.

"आता काय दातखीळ बसली?" नणंद खेकसली.

"वन्सं, ही बदकं आहेत. यांचा पडदा औषधाविनाच टिकतो." भावजय खुर्चीवरून उठली आणि तिला जागा करून दिली. "तुमच्या त्या प्रयोगाची अंडीही याच माणसाची होती ना?"