बाबांच्या वाटची सिगरेट

थर्मासचं झाकण करकरलं आणि दफनभूमीतली सकाळची शांतता मोडली. रादोयकाने कॉफी ओतली. पहिला कप नवऱ्याच्या, स्रेतेनच्या, कबरीच्या कठड्यावर ठेवला, दुसरा शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या झोर्काला दिला. दोघींचे नवरे जन्मभर एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून राहिले होते आणि आता इथेही शेजारीच होते.

आज पितरांचा शनिवार, गेलेल्यांना त्यांच्या आवडीचं वाढायचा दिवस. खाली डॅन्यूबवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मातीत खोचलेल्या पिवळ्या मेणबत्त्या मिणमिणत होत्या. स्रेतेनपुढे पाव होता, भाजलेली मिरची होती, साखर घालून उकडलेले गहू होते. त्यातले बरेचसे गहू त्याची पाच वर्षांची नात कालिना हळूच संपवत होती. फक्त सिगरेट वाढायची राहिली होती.

"लाव ग," रादोयका लेकीला म्हणाली. "वाट बघत असेल तो."

सेंकाने पाकीट फोडलं. तंबाखूचा वास आला तशी तिने मान वळवली. दर वेळी तीच लावायची. घरात ओढणारे दोघंच, बाप आणि लेक. पेटवायची, एक झुरका घ्यायचा आणि मातीत उभी करायची. मग ती आपली आपण जळत राहायची, उदबत्तीसारखी.

आज तिने सिगरेट अंगापासून लांब धरली आणि लायटर टोकाला लावला. कागद काळा पडला, तंबाखू जरा लाल झाली, विझली. पुन्हा लावला. पुन्हा विझली.

"अगं, ओढल्याशिवाय कशी पेटेल?" झोर्का म्हणाली. "चूल आहे का ती?"

"मी सोडलीये, मावशी."

"कळलं मला. शहरातल्या त्या सिगरेट सोडवणाऱ्या बाईकडे हातांत पितळी नळ्या धरून बसलीस म्हणे. वर पैसे देऊन!" झोर्काने स्वतःच्या सिगरेटचा धूर नाकातून सोडला. "आमच्या वेळी बाई, ओढायला पैसे लागायचे. आता सोडायलाही लागतात."

सेंका हसली. हसण्यासारखंच होतं ते. नळ्यांना जोडलेलं यंत्र नुसतं टीटी करायचं. 'एक झुरका घेतलात तरी सगळं पाण्यात,' त्या बाईने बजावलं होतं. यंत्रात काही होतं की नाही, देव जाणे. पण सकाळचा खोकला गेला होता. आणि रात्री कालिना तिच्या मानेत नाक खुपसून झोपायला लागली होती. आधी ती पाठ करून झोपायची. त्या यंत्राचे पैसे रादोयकाने दिले होते. सबंध सप्टेंबर अंगणात मिरच्या भाजल्या, सोलल्या, घोटल्या आणि बरण्या भरभरून बाजारात विकल्या होत्या.

"मावशी, तुम्हीच लावा ना."

"मी? घरच्यानंच लावायची असते. माझ्या तोंडची उष्टी दिली तर तुझी आई मलाच इथे आडवी करील. जागा आहेच शेजारी."

"मग मेणबत्तीवर पेटवते."

"खबरदार!" रादोयका म्हणाली. "त्याच्या आत्म्याची ज्योत आहे ती."

सेंका हातातल्या सिगरेटकडे बघत राहिली. तोंडाला पाणी सुटलं. एकच तर झुरका. बाबांसाठीच तर. त्यात काय एवढं, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतक्या सहज आलं की तिला धसका बसला. तरी हात वर निघालाच होता.

"आण इकडे," रादोयका म्हणाली.

"आई, तू?"

"का? मला तोंड नाही?"

आयुष्यात तिने सिगरेटला हात लावला नव्हता. बर्फ पडत असलं तरी ती नवऱ्याला ओढायला बाहेर ओसरीवर हाकलायची. आता तिने ती पेन्सिलीसारखी धरली, ओठांत घेतली. सेंकाने लायटर पेटवला. रादोयकाने गाल फुगवले आणि लायटर विझला.

"ओढ, आई, फुंकू नकोस."

"सूप निववतेयस का ग?" झोर्का म्हणाली.

दुसऱ्यांदा रादोयकाने डोळे गच्च मिटून ओढली. टोक लाल झालं. मग तिला असा ठसका लागला की डोक्यावरचा रुमाल घसरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एका हाताने कठडा धरून ती दगडावर कोरलेल्या नवऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे वळली.

"हे? असलं घाणेरडं? यापायी थंडीत कुडकुडत बसायचास तू?"

झोर्का मांडी थोपटून हसत सुटली. सेंकाही हसली, पोट धरून. इथे येऊन ती अशी कधी हसली नव्हती. शेवटी रादोयकालाही हसू आवरेना. तिने सिगरेट मातीत नीट उभी केली, वारा लागू नये म्हणून पावाचा तुकडा आडोशाला सरकवला.

"घे," ती म्हणाली. "आणि वर्षानुवर्षं बडबडले, ते सगळं खरं होतं."

धूर सरळ वर चालला. सेंकाने हात कोटाला पुसले, कॉफीचा घोट घेतला. सिगरेटशिवायची कॉफी तिला अजून सवयीची नव्हती, पण आज गोड लागली. कालिना गव्हाची वाटी पोटाशी धरून कबरीसमोर उकिडवी बसली होती. राख वाढत होती, सिगरेट कमी होत होती, आणि ओढणारं कुणी दिसत नव्हतं.

सेंकाने तिला जवळ घेतलं, हनुवटीवरची साखर अंगठ्याने पुसली.

"आजोबा ओढतायत?" कालिनाने विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी."

कालिनाने मान डोलावली. मग जरा विचार करून म्हणाली,

"आई, आजोबा कधी सोडणार?"